तांदळाएवढी फट

रेघेला रेघ मिळाली नव्हती. मिराबाईनं वाकून पुन्हा पाहिलं. नळीवरची रेघ अलीकडे, नळी ज्यात फिरवून आवळतात त्या मागच्या घरावरची रेघ पलीकडे, मध्ये तांदळाएवढी फट. तिच्या नवऱ्यानं, सोनाजी मिस्तरीनं, पाना खाली ठेवला आणि बंदूक शिकंज्यात तशीच सोडून हात पुसायला घेतले.

काहून सोडली, असं तिनं विचारलं. त्यानं हळू आवाजात सांगितलं. नुसती हातानं बसवलेली नळी पहिला बार झेलते. पुढं दर बाराला केस-केस ढिली होते. मग कधीतरी काडतूस फुटतं आणि जाळ मागं येतो, गाल लावून बसलेल्याच्या तोंडावर. दुरुस्त केलेल्या बंदुकीचा पहिला बार मिस्तरीनंच काढायचा, ही पुसेगावातली रीत. रीतीपुरती ती टिकणार होती.

"पहिला माझा," तो म्हणाला. "पुढचे जमादाराचे."

बंदूक जमादाराची होती. निजामाचं राज्य अजून होतं आणि जमादार शिपायांचा दस्ता घेऊन गावोगाव फिरत होता. शेजारच्या वस्तीत त्यांनी कडब्याच्या गंज्या पेटवल्या, तेव्हा लागूनच्या झोपडीत निजलेली म्हातारी आतच जळाली. ती सोनाजीची मावशी.

मिराबाईला मावशी आठवत होती. पण तिच्या मांडीवर लेकरू होतं, गोवरानं तापलेलं. बंदूक फुटली की दस्ता आधी मिस्तरीचं घर धरणार. सोनाजी म्हणत होता, पोरीचा ताप उतरला की पैनगंगा ओलांडू, निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात तुझ्या भावाकडं जाऊ. आणि ताप उतरायच्या आधीच फुटली तर? असं तिनं विचारलं. तो आंघोळीला ओढ्यावर गेला.

मिराबाईनं पोरीला पाळण्यात ठेवलं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या हाताखाली भाता ओढत होती, लोखंड धरत होती. तिनं पाना लावला, भिंतीला पाय दिला आणि सगळा जीव लावून ओढला. एकदा. पुन्हा. फट मिटली.

आत्ता सांगितलं तर तो परत ढिली करील. बंदूक एकदा दाराबाहेर गेली की सांगू, असं तिनं ठरवलं.

जमादार उद्या यायचा होता. तो त्याच दुपारी आला. बरोबर शिपाई, आणि काडतुसांची पेटी डोक्यावर घेतलेला तांड्यावरचा वसराम. त्याला वाटेतच वेठीला धरलं होतं. त्याच्याच बायकोनं, भिकाबाईनं, मिराबाईचं बाळंतपण केलं होतं.

सोनाजीनं रीतीप्रमाणे गाल लावला आणि बांधाकडं पहिला बार काढला. मिराबाई दारात उभी होती. तिचा श्वास मोकळा झाला. आता ते जातील, असं तिला वाटलं.

जमादारानं बंदूक हातात घेतली, फिरवून पाहिली आणि वसरामपुढं धरली. अजून थोडे बार काढून बघ, मग मी घेतो, म्हणाला. वसराम हसला. आपण जन्मात गोफणीपलीकडं काही धरलं नाही, नेम चुकून एखादं म्हसरू पडलं तर साहेबच भरून देतील का, असं त्यानं विचारलं. शिपाईही हसले. त्यानं गाल लावला.

सोनाजीचा चेहरा उतरला. मिराबाईनं त्याच्याकडं बघून मान हलवली. बोलू नका, काही होत न्हाई, असं तिला सांगायचं होतं. त्याला वाटलं ती म्हणतेय, भिकाबाईचं कुंकू जाऊ देऊ नका.

"त्याला देऊ नका," सोनाजी म्हणाला. "ढिली हाय ती. मीच ठेवली ढिली. तुमच्यासाठी."

वसरामनं बंदूक खाली केली.

मिराबाई धावतच पुढं आली. "न्हाई साहेब, घट्ट हाय. म्या आवळली, माझ्या हातानं. बघा तुमी."

जमादारानं बंदूक उन्हात धरली. नळीच्या बुडाशी नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. सोनाजीही बघत होता. त्यानं बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

"औरत सच बोलती," जमादार म्हणाला. "और मर्द भी."

शिपायांनी सोनाजीला लिंबाच्या झाडाशी नेऊन उभं केलं. घरात पोरगी रडायला लागली. जमादारानं काडतूस भरलं, निवांतपणे बंदुकीला गाल लावला, झाडाकडं नेम धरला आणि बार काढला.

बंदुकीला काहीच झालं नाही.