डोक्याची मालकी

हेमाताईंनी मोबाईलवर ते जुनं भाषण पुन्हा लावलं. विषय हेल्मेटसक्तीचा होता.

"डोकं माझ्या मालकीचं आहे. फुटलं तर माझं मी बघून घेईन, सरकारने त्यात लुडबुड करू नये!" वक्ता कडाडला. कोथरूडच्या सभागृहात टाळ्या थांबेचनात.

ऐकता ऐकता हेमाताई नवऱ्याला मऊ भात भरवत होत्या. ओळखीचा आवाज रोज कानावर पडू द्या, असं अपघातानंतर डॉक्टर म्हणाले होते.

भाषण संपलं. नवऱ्याने त्यांच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"बाई, कोण हो हे गृहस्थ? बोलतात मात्र अगदी पटण्यासारखं."

त्याच्या हनुवटीवरचं शीत पुसत हेमाताई म्हणाल्या, "हो. पटण्यासारखंच बोलायचात तुम्ही."