दोन फ्लॉप्या

“बैलाची फ्लॉपी ठेव खाली!” वैजिनाथअप्पा वरडला. त्या आवाजानं गोदावरीच्या पल्याड एका म्हशीनं आठ दिस दूध दिलं न्हाई म्हणतात.

“कावून?” ईश्वरीनं बापाकडं बघितलं बी न्हाई.

“कावून म्हणं! लोकाच्या लेकीबाळी उजवायच्यात, गोऱ्हे न्हाई!”

गेवराईत तवा एसटीडीचे बूथ नुकते निघालते. अप्पानं कापडाच्या दुकानात काँपुटर आणून बसवलता. त्याच्यावर लग्नं जुळवायची, ही त्याची हौस. प्रोग्राम पार पयल्यापासून लिवायचा तर वरीस गेलं असतं. म्हणून ईश्वरीनं काँपुटरच्या क्लासातनं दोन फ्लॉप्यांवर दोन तयार प्रोग्राम आणलते. एक ग्रंथालयाचा, एक बैलबाजाराचा. कंचाबी एक घ्यायचा, रकाने बदलायचे, की झालं लग्नाचं काम.

“पुस्तकाचा घे. इज्जतीचा हाय,” अप्पा म्हणला. “अन् ऐक. उद्या पयल्या गिऱ्हाइकाम्होरं मशीन अडलं, तर त्याच घरात तुला देऊन टाकीन. मग थाप भाकरी.”

“अन् चाललं तर?”

“तर मशीन तुझं. तुझ्या लग्नाचं नाव काढणार न्हाई.”

दुसऱ्या दिशी पयलं गिऱ्हाईक म्हणून आष्टीची बसम्मा आली. नाक इतकं वर, की पंखा बंद करावा लागला. मागं तिचा लेक, तोंडात गुटख्याचा तोबरा. बसम्मानं ईश्वरीला टाचेपासून शेंडीपर्यंत जोखलं. अप्पानं लगेच पान पुढं केलं.

ईश्वरी पडद्यावरचं वाचून इचारत गेली.

“सून कशी पायजे? रंग?”

“उजळ.”

“चाल?”

“खाली मान घालून.”

“दात?”

“सारखे. हसायला लावून बघणार मी.”

“खोड?”

“उलटून बघायची नसावी. तुझ्यावानी.”

“कामाला?”

“उन्हातबी थांबू नये.”

मशीन कुठंच अडलं न्हाई. बसम्मा हरखली. “लई शहाणं मशीन हाय बाई! माझ्या मनातलं समदं इचारलं.” ईश्वरीकडं बघून तिनं नाक मुरडलं अन् लेकाला वढत निघून गेली.

अप्पाला घाम फुटलता. तो पुसत म्हणला, “बघ. पुस्तकाचा घेतलास म्हणून अब्रू राहिली. किती रकाने बदलाय लागले गं?”

ईश्वरीनं फ्लॉपी काढून बापाच्या हातावर ठेवली.

“बैलबाजाराची हाय, अप्पा. एकबी न्हाई.”