पाँडिचेरीचा उंदीर

"कोनी इश्वास ठेवनार नाई, पन ही मिशी उंदरानं खाल्ली," खुर्चीत बसता बसता उकंडरावांनी जाहीर केलं आणि तोंडावरचा दुपट्टा सोडला.

गोविंदाचा ब्रश साबणाच्या वाटीतच राहिला. उजवी मिशी जागच्या जागी होती, तुपानं माखलेली, टोक कानाकडे वळलेलं. डावी मात्र नाकाखालून निघून जरा पुढे जाते न जाते तोच संपली होती.

बाकावर गुरांच्या ढेपेचे दुकानदार नारायणराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली.

जानेफळात ही मिशी म्हणजे नुसते केस नव्हते. पाच वर्षांपूर्वी उकंडरावांचा एकुलता मुलगा सागर घरी न विचारता लग्न करून मोकळा झाला. तेव्हा याच खुर्चीत, याच नारायणरावांसमोर बापानं मिशीवर हात ठेवला होता. "त्याच्या घरचं पानी प्यालो, तं इथंच बसून मिशी उतरवीन." त्या दिवसापासून गावात सागरचं नाव कोणी काढत नव्हतं आणि गोविंदा त्या मिशीला कात्री लावत नव्हता.

"कुठला उंदीर, काका?"

"पाँडिचेरीचा. फ्रेंच." उकंडरावांनी मान मागे टेकली. "रामेश्वरले गेलो होतो. म्हटलं येताना फ्रेंचाइचं गाव पाहून घेऊ. काय पाह्याचं बे? फ्रेंच गेले, भित्तीले पिवळा रंग मारून गेले. तिकडचे लोक अजून तोच रंग मारून राह्यले. अन् लोक त्या भित्तीचे फोटो काढतात. आपल्या पंचायतीच्या भित्तीले कोनी कुत्रं पुसत नाई."

"उतरला कुठं?" नारायणरावांनी विचारलं.

"गेस्टहाऊसात, आठ दिवस. घरचेच लोक चालवतात. नवरा, बायको अन् एक कारटं. वर चार खोल्या. नाव गेस्टहाऊस, अन् पंखा असा फिरे, जसा आपल्यावर उपकार करून राह्यला. सकाळी हातभर लांब पाव. कुत्र्याले फेकून मारला तं कुत्रं मरन. म्या तो चहात भिजवला, तं कप फुटला."

गोविंदा हसला. त्याने डावीकडे फेस लावायला घेतला आणि जरा थांबला. तिथले केस एका रेषेत, तिरके, साफ तुटले होते. उंदीर शिकलेला असावा, असं मनात म्हणून त्याने ब्रश पुढे फिरवला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, कशाला तोंड लावायचं?

"मालक तं मुकाच," उकंडराव रंगात आले. "माह्यासमोर मान वर करे नाई. पान्याचा तांब्या आनून ठेवे अन् खाली पाहत उभा राहे. असा धंदा होते काय? गिऱ्हाइकाशी गोड बोला लागते. अन् पानी बी कसं, मचूळ."

"अन् ते कारटं, काका?"

"त्याचं तं नावच घेऊ नको. वळन म्हनून नाई. दुपारी डोळा लागला का छातीवर येऊन बसे, मिशीले लोंबकळे. कागद कापाची कैची घेऊन घरभर फिरे. मायबाप नुसते पाहत राहत. आपल्याकडं असतं तं दोन ठेवून देल्या असत्या."

"देल्या नाई काय तुवा?" नारायणरावांनी विचारलं.

"परक्याचं लेकरू, मी कायले हात लावू?" उकंडराव घाईने म्हणाले. "तं उंदराचं सांगत होतो. बोक्याएवढा! लोनी खाऊन माजलेला. शेवटच्या रात्री मिशीच्या तुपाचा वास लागला त्याले. सकाळी उठतो तं अर्धी गायब."

"उंदीर शेवटच्या रात्री आला," नारायणराव सावकाश म्हणाले. "पाव दगडासारखा, पानी मचूळ, मालक मुका. मंग आठ दिवस काऊन राह्यला बे तिथं?"

उकंडरावांचा डोळा आरशातून बाकाकडे गेला आणि परत आला. "गाडीचं तिकीट भेटत नव्हतं."

वस्तरा गालावरून सरसर फिरत होता. गोविंदाने विषय बदलावा म्हणून विचारलं, "मालकीन तरी बरी होती काय, काका?"

"ती तं सगळ्यात अडानी!" उकंडरावांना पुन्हा हुरूप आला. "रंगानं काळी, भाषा आपल्याले समजत नाई, अन् माह्यासमोर आली का डोक्यावर पदर. तो बी धड घेता येत नाई. घडीघडी खाली पडे, मंग दातात धरे. दोन्ही हातात ताट, तोंडात पदर, अशी येऊन उभी राहे. खुर्ची रिकामी असली तरी बसे नाई. दाराच्या आड उभी, मी जेवून उठेपर्यंत. माले तं हसून हसून ठसका लागला. म्हटलं काय बाई आहे, एवढी मोठी झाली अन् पदर घ्याची अक्कल नाई!"

ते एकटेच हसले. हसताना उजवी मिशी हलली.

नारायणराव बाकावरून उठले. खुर्चीमागे येऊन आरशात बराच वेळ आपल्या जुन्या मित्राचं तोंड पाहत राहिले.

"उकंडा, म्या बी रामेश्वर केलं बे. तिकडं डोक्यावर पदर कोनी बाई घेत नाई. तिले तो सागरनं शिकवला." मग ते न्हाव्याकडे वळले. "गोविंदा, नातवानं ठेवलेली अर्धी तेवढी उतरव."