मुठीच्या आतला नंबर

"शत्रूच्या अधिकाऱ्याच्या हातातून हिसकावलंय मी हे!" असं सांगत आजोबांनी ते जुनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, तेव्हा माझी कॉलर अशी काही ताठ झाली की विचारू नका. संग्रहालयात ते आजोबांच्या नावाच्या पाटीसकट मांडलं जाणार होतं. त्यासाठी महिनाभर सगळ्यांचं डोकं मीच खाल्लं होतं, आणि आज आजीलाही ओढत आणलं होतं.

तिथल्या तज्ज्ञ काकांनी स्क्रू काढून मुठीवरची लाकडी पट्टी उचलली आणि भिंग लावलं.

"आजोबा, हा शिक्का शत्रूचा नाही हो. आपल्याच सैन्याचा आहे, तोही तुमच्याच पलटणीचा."

"मग लढाईच्या धांदलीत अदलाबदल झाली असेल. या वयात काय काय लक्षात ठेवायचं!"

"काळजी नको. शिक्क्याखाली नंबर आहे. कुणाला दिलं होतं ते जुन्या रजिस्टरात सापडेल."

"राहू द्या," म्हणत आजोबा घाईनं उठले.

"थांबा ना आजोबा, लगेच कळेल!" मीच त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

काकांनी नाव वाचलं. ते आजीच्या थोरल्या भावाचं होतं. तो आणि आजोबा एकाच पलटणीत होते, आणि लढाईतून एकटे आजोबाच परत आले होते.

 

आजी पिस्तुलाकडे बघत म्हणाली, "दादाच्या हातात हत्यार नव्हतं म्हणून तो मेला, हे सांगायला हेच आले होते आमच्या घरी."