पलीकडची खोली

माणसाचं आयुष्य पालटणारं दार एकदाच उघडतं. सुताराने ते उघडलं, तर आत झाडू आणि बादल्या. जन्मभर लोकांची दारं बसवली, पण दारू सोडणाऱ्यांची बैठक काही सापडेना. शेजारून आवाज आले, तसा तो तिथे शिरून मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. पुढे एक बाई सांगत होती, "हात कशाने थरथरतात विचारलं, तर म्हणतात, रंध्याने. रंधाही विकून प्यायले, तरी थरथरतातच!" मंडळी हसली. बाई त्याचीच बायको होती. घरातून हरवलेली उशी पाठीशी घेऊन बसलेली. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी सुताराला मायेने विचारलं, "इथे पिणाऱ्यांच्या घरची माणसं जमतात. तुमच्या घरी कोण पितं?" सगळ्यांनी माना वळवल्या. तिनेही. सुतार उभा राहिला. "मी." कोणी हसलं नाही. "तुमची खोली पलीकडची," बायको म्हणाली. "दार जरा उचलून लावा, घासतं."