हत्तीचं जेवण

"आई, माझा हत्ती कुठंय?"

नर्सरीच्या भिंतीवर एकवीस कागदी हत्ती लावले होते आणि जुई त्यांच्यासमोर मान वर करून उभी होती. हत्तीच्या चित्रात मसुराचे दाणे चिकटवून आणायचे, एवढाच घरचा अभ्यास होता.

केतकीनं लगेच बोट दाखवलं. "हा काय! सगळ्यांत नीटनेटका."

"तो नाहीच माझा! माझ्या हत्तीच्या सोंडेखाली खूप खूप दाणे होते. तो जेवत होता."

केतकीनं बोट खाली घेतलं. काल जुई खाली खेळायला गेल्यावर रेषेबाहेर गेलेले ते दाणे तिनंच खरवडून काढले होते आणि आत ओळीनं लावले होते. आपली पोर मागे पडायला नको, या एकाच धास्तीनं.

बाईंना गाठून तिनं हळूच सगळं कबूल केलं. बाई हसल्या. "अहो, तुम्ही आजच्या चौथ्या!" त्यांनी कोरा हत्ती, डिंक आणि मसुराची वाटी पुढे केली. "आता फक्त शेजारी बसा."

बुटक्या खुर्चीवर केतकी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. एक दाणा हत्तीच्या डोळ्यावर गेला, तीन कानाबाहेर. तिची बोटं शिवशिवली. जुईनं चिमूटभर दाणे सोंडेखाली ठेवले आणि जरा बिचकून आईकडे पाहिलं.

"अजून वाढ की त्याला," केतकी म्हणाली, "कालपासून उपाशी आहे तो."