इंदुमतीकाकूंचे टाके

"हा कोपरा कुणी शिवलाय?" बाळाचं दुपटं निरखत कल्याणीच्या सासूबाईंनी विचारलं.

"इंदुमतीकाकूंनी," मी कौतुकाने म्हणाले. आमच्या गोधडी मंडळात सगळ्यांत बारीक टाका त्यांचाच. कल्याणीला आठवा महिना लागला होता, म्हणून आम्ही सगळ्या मिळून समाजमंदिरात हे दुपटं शिवत होतो.

"मग उसवा तो. जिची दोन्ही मुलं गेली, तिच्या हातचं माझ्या नातवाच्या अंगावर नको."

माझं डोकं भणाणलं. पण मी तोंड उघडायच्या आत काकूंनीच कात्री उचलली आणि खाली मान घालून स्वतःचे टाके कापायला लागल्या. ते बघून तर माझा संताप आणखीच वाढला.

कल्याणीने त्यांचा हात धरला. "काकू, ठेवा ती कात्री." मग ती सासूकडे वळली. "आई, हे टाके उसवले तर बारसं माझ्या माहेरी होईल. आणि बारसं कुठेही झालं, तरी बाळाला पाळण्यात काकूच घालतील."

सासूबाई तरातरा निघून गेल्या. कल्याणीने सुईत दोरा ओवला आणि सुई काकूंच्या हातात दिली.